गर्भ टिकला नाही, दोष कुणाचा?

पनवेलच्या एखाद्या सोनोग्राफी केंद्राबाहेर सासू-सून मूकपणे बसलेल्या दिसतात. दोन महिने झाले होते. पण हृदयाचा ठोका उमटला नाही. घरी पोहोचण्याआधीच प्रश्न सुरू होतात : जिने चढली का? उष्ण काही खाल्ले का? सूनही निमूटपणे स्वतःलाच अपराधी ठरवते. विज्ञानाचे उत्तर मात्र वेगळे आहे.

निदान झालेल्या दर शंभर गर्भधारणांपैकी सुमारे दहा ते पंधरा आपोआप संपतात. पहिल्या तीन महिन्यांतील अशा गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. त्यावर कोणत्याही मातेचा ताबा नसतो.

उरलेल्या कारणांत ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ हे एक कारण आज अभ्यासले जाते. प्राणवायू जीवन देतो. परंतु त्याच्या वापरातून ‘फ्री रॅडिकल्स’ हे दाहक कणही निर्माण होतात. त्यांना आवरणारी विकरे, म्हणजे एन्झाइम्स, कोवळ्या वारेत प्रारंभी फारच थोडी असतात. म्हणून निसर्ग एक व्यवस्था करतो. वारेच्या पेशी मातेच्या रक्तवाहिन्यांची तोंडे काही आठवडे बुजवून ठेवतात आणि गर्भ अल्प प्राणवायूत वाढतो. २००० साली ब्रिटनमधील एरिक जॉन्यू, ग्रॅहम बर्टन व सहकाऱ्यांनी दाखविले की आठव्या ते बाराव्या आठवड्यांदरम्यान वारेतील प्राणवायूचा दाब दुपटीहून अधिक वाढतो आणि त्याबरोबर संरक्षक विकरेही वाढतात. हा बांध वेळेआधी फुटला, तर संरक्षण सिद्ध नसलेली वार होरपळते.

दुसरी बाजू पित्याची. शुक्राणूत पेशीद्रव अत्यल्प असल्याने त्याचे स्वसंरक्षण दुबळे असते. तंबाखू व धूम्रपान यांमुळे त्याच्या डीएनएला इजा होऊ शकते. परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बालस्वास्थ्य संशोधन संस्थेतील संशोधकांनी २०१२ मध्ये एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. वारंवार गर्भपात झालेल्या काही जोडप्यांत पतीचा वीर्य-अहवाल सामान्य होता, तरी शुक्राणूंतील एका जनुकावरील रासायनिक खुणांत बदल आढळले. म्हणजेच तपासणीच्या खोलीत दोघांनीही जायला हवे.

मग अँटिऑक्सिडंट गोळ्या घ्याव्यात का? क जीवनसत्त्व व ई जीवनसत्त्व यांच्या गोळ्यांनी गर्भपात टळतो, असे चाचण्यांत सिद्ध झालेले नाही. आहार मात्र महत्त्वाचा. कंदमुळे वर्ज्य असणाऱ्या घरातही आवळा, मोसंबी, टोमॅटो, डाळी, बदाम यांतून पुष्कळ लाभते. शाकाहारी स्त्रियांत बी-१२ची कमतरता वारंवार आढळते. त्याची तपासणी करावी. गर्भधारणेपूर्वीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावे. ते बाळाच्या मज्जासंस्थेसाठी आवश्यक असते. गर्भारपणात उपवासाचे पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावे. दोनदा गर्भपात झाल्यास थायरॉईड, मधुमेह आणि रक्त गोठण्यासंबंधीच्या तपासण्यांबाबत सल्ला घ्यावा.

नोकरी करणाऱ्या भगिनींनी हेही जाणावे : कायद्याने पात्र स्त्रीला गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा दिली आहे. ती मागण्यात संकोच नसावा.

अहिंसा केवळ आहारात नसते, वाणीतही असते. अशा दिवसांत सुनेला ‘काय चुकले?’ असे विचारण्याऐवजी ‘जेवलीस का, बाळ?’ एवढेच विचारले, तरी तिच्या मनावरचे अर्धे ओझे उतरेल.