आधी कवच, मग गाणे

विमानतळ आला की ध्वनिप्रदूषणाची चर्चा ओघानेच येते, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाल्यापासून उलवे, गव्हाण, जासई या पट्ट्यात ती होणे स्वाभाविक आहे. मात्र श्रवणशास्त्राच्या हिशेबात डोक्यावरून जाणाऱ्या विमानापेक्षा कानापासून हातभर अंतरावर तासन्‌तास चालणारे इंजिन अधिक घातक ठरते. सिडकोच्या भूसंपादनातून उरलेल्या खाचरांत चिखलणी करणारा पॉवर टिलर, माती-मुरूम वाहणारा ट्रॅक्टर आणि नव्या वसाहतींत रस्त्याकडेचे गवत काढणारा ग्रास कटर ही यंत्रे गव्हाणसारख्या गावाच्या परिसरात सरावाची झाली आहेत, आणि ती चालवणाऱ्यांपैकी अनेकांनी इंजिनाच्या घरघरीवर स्वतःपुरता एक उतारा शोधला आहे, तो म्हणजे गाणी. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बॉक्स बांधलेला असतो, ग्रास कटरवाल्याच्या कानांत इअरफोन असतात. घाटावर ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरचा टेप तर वाहन दिसण्याआधीच ओळखू येतो. गाण्यामुळे कंटाळा जातो हे खरे. पण गाणे ऐकू येत असल्यामुळे इंजिनाचा आवाज कानाला बाधत नाही, ही समजूत तपासून घेण्यासारखी आहे.

ध्वनीची तीव्रता डेसिबलमध्ये मोजतात आणि ही मोजपट्टी सरळ नसते: तीन डेसिबल वाढले की कानात शिरणारी ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते. अमेरिकेतील ‘नायोश’ या व्यवसायजन्य आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तास काम चालू शकते, ८८ ला चार, ९१ ला दोन आणि ९४ ला एकच तास. केबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर नांगरटीच्या वेळी चालकाच्या कानाशी ९० ते १०० डेसिबल आवाज असू शकतो. समजा तो ९४ आहे आणि मडगार्डवरचे गाणेही चालकाच्या कानाशी तितकेच मोठे आहे. तर दोन्ही मिळून ९७ डेसिबल होतात आणि मुभा एका तासावरून अर्ध्या तासावर येते. कानाच्या पेशींना सूर आणि गोंगाट यांतला फरक कळत नाही, त्यांच्यापर्यंत फक्त ऊर्जा पोहोचते.

मग गाणे इतके मोठे करावे तरी का लागते? याचे उत्तर ज्याने दिले, त्या आल्फ्रेड मेयरचे नाव आज ध्वनिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही क्वचितच ठाऊक असते. या अमेरिकी प्राध्यापकाने १८७६ साली, म्हणजे ज्या वर्षी बेलला टेलिफोनचे पेटंट मिळाले त्याच वर्षी, अगदी घरगुती साधनांनी एक प्रयोग केला. सेकंदाला चार ठोके देणारे, मोठ्याने टिकटिकणारे घड्याळ त्याने काही फुटांवर ठेवले आणि सेकंदाला पाच वेळा टिकटिकणारे खिशातले घड्याळ कानाशी धरले. लहान घड्याळाची दर पाचवी टिकटिक मोठ्या घड्याळाच्या ठोक्याशी जुळून येत होती. लहान घड्याळ हळूहळू कानापासून दूर नेले, तेव्हा नेमकी तीच पाचवी टिकटिक क्षीण होत गेली आणि अखेर नाहीशी झाली. बाकीच्या चार मात्र ऐकू येतच राहिल्या. एका आवाजाने दुसरा असा झाकला जाण्याला आज ‘मास्किंग’, म्हणजे ध्वनिआच्छादन, असे म्हणतात. मेयरचा पुढचा निष्कर्ष तर याहून मोलाचा होता: खर्जातला आवाज वरच्या पट्टीतल्या आवाजाला झाकू शकतो, पण वरच्या पट्टीतला आवाज खर्जातल्याला झाकू शकत नाही. या एकतर्फी न्यायाची नीट मोजमापे व्हायला १९२४ साल उजाडले, आणि त्याची कारणमीमांसा बेकेशी या हंगेरियन शास्त्रज्ञाच्या संशोधनातून उलगडली, ज्याला १९६१ चे नोबेल मिळाले. अंतःकर्णातील शंखाकृती नळीत ध्वनीची लाट दाराकडून आत सरकत जाते. उंच स्वर दाराशीच विरतात, खर्जाची लाट मात्र त्यांच्या जागेवरून पुढे, टोकापर्यंत जाते आणि जाताना त्या जागेलाही हलवून जाते. मोबाइलमधील एमपी३ गाण्याचा आकार लहान ठेवता येतो, तोही याच आच्छादनाच्या आधारे, कारण जे एरवीही ऐकू आले नसते ते त्यातून वगळलेले असते.

आता हे इंजिनाला लावून पाहावे. तीन सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर त्यात सेकंदाला ५० स्फोट होतात. ७५०० फेऱ्यांवर चालणाऱ्या एक सिलिंडरच्या टू-स्ट्रोक ग्रास कटरमध्ये १२५. यंत्राची ही खर्जातली घरघर वरच्या पट्टीतल्या बेंजोला आणि कोळीगीतातल्या गायिकेच्या आवाजाला आच्छादते. म्हणून चालक आवाज वाढवतो, आणि इंजिनाचा भार वाढला की पुन्हा वाढवतो.

याची किंमत उशिरा कळते. अंतःकर्णात जन्मतः सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात, ध्वनीच्या कंपनाचे संदेशात रूपांतर करणाऱ्या या पेशी माणसात मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, आणि गोंगाटाचा पहिला घाव बहुधा ४००० हर्ट्‌झच्या आसपासच्या पेशींवर बसतो. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात, स, श, फ यांसारखी व्यंजने वरच्या. त्यामुळे अशा माणसाला हाक ऐकू येते, पण ‘सात’ म्हटले की ‘हात’ असा भास होतो, आणि घरातली माणसे हल्ली पुटपुटतात अशी त्याची तक्रार सुरू होते. तांब्यावर दिवसभर हातोडे चालवणाऱ्या व्हेनिसच्या कारागिरांचा बहिरेपणा रामाझिनी या इटालियन वैद्याने तीनशे वर्षांपूर्वीच नोंदवला होता. पुण्याच्या तांबट आळीतून चालत गेलेल्या कोणालाही त्याचे वर्णन परके वाटणार नाही. भारतात कारखाने अधिनियमाच्या अनुसूचीत गोंगाटजन्य बहिरेपणा कळवण्याजोगा व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला होता, पण शेताचा बांध ही काही कारखान्याची भिंत नव्हे, आणि ट्रॅक्टरचालक या कायद्याच्या बाहेरच राहिला.

गाणे आणि संरक्षण दोन्ही साधायचे, तर क्रम उलटा करावा लागतो. कानावर घट्ट बसणारे कप असलेले इअरमफ बाहेरचा आवाज आधी अडवतात, आणि कपाच्या आतल्या छोट्या स्पीकरमधून गाणे हळू आवाजातच पुरते. अशा करमणुकीच्या इअरमफसाठी युरोपीय मानकाने गाण्याची मर्यादा ८२ डेसिबल ठेवली आहे. आवाज किती अडतो याचा खोक्यावर छापलेला आकडा मात्र प्रयोगशाळेतला असतो. कपाखाली टोपीची कड, बांधलेला रुमाल किंवा चष्म्याची काडी आली की फट पडते. शिवाय ३० डेसिबल अडवणारे साधन आठ तासांपैकी फक्त अर्धा तास काढून ठेवले, तर संपूर्ण दिवसाचे संरक्षण १२ डेसिबलच्या आसपास घसरते, कारण उघड्या कानात शिरलेली अर्ध्या तासाची ऊर्जा बाकी सगळ्यावर मात करते.

‘नॉइज कॅन्सलिंग’ हेडफोनची जाहिरात या संदर्भात विशेष जपून वाचावी. उलट्या लाटेने मूळ लाट मारण्याची ही कल्पना जर्मनीच्या पॉल ल्यूगची, तिचे अमेरिकी पेटंट १९३६ चे. तिला व्यवहारात उतरवणाऱ्या अमर बोस यांच्या भारतीय मुळांचे कौतुक आपल्याकडे होते, ल्यूगचे नाव कोणी घेत नाही. खर्जातली घरघर कमी करण्यात हे तंत्र खरोखर वाकबगार आहे, पण पात्याच्या किंकाळीवर ते फारसे चालत नाही, आणि संरक्षक साधन म्हणून प्रमाणित नसलेला हेडफोन प्रवासापुरताच ठीक. रस्त्यावर ट्रॅक्टर चालवताना तर कोणतेही गाणे कानात नसावे, कारण तिथे हॉर्न आणि मागून आलेली हाक ऐकू येणे अधिक गरजेचे असते.

गव्हाणच्या खाचरात किंवा रस्त्याकडेच्या गवतात काम करणाऱ्याला महागड्या इअरमफचीही गरज नाही. कानात घालायचे फोमचे बूच पुरते: ते बोटांनी चोळून बारीक करावे, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर ओढून ते आत सरकवावे आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरावे. चिखलाचे हात आधी धुवावेत. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर बूच घालायची वेळ झालेली आहे.