गोव्याच्या मृत्युपत्रातलं रोम

बेलापुरात एखाद्या हिंदू माणसाने स्वकष्टाची सगळी जमीन मृत्युपत्राने परक्याच्या नावे केली, तर केवळ मुलं म्हणून मुलांना ती मागता येत नाही. गोव्यात मात्र निम्मी मालमत्ता मुलांसाठी राखीवच. ही कल्पना रोमन. सम्राट जस्टिनियनने ५३६ साली ठरवलं: चारपर्यंत मुलं असतील तर तिसरा हिस्सा, जास्त असतील तर निम्मा. त्याने करवलेले कायदेसंग्रह पश्चिम युरोप जवळजवळ विसरला होता. ११००च्या सुमारास इटलीत, बोलोन्याला, इर्नेरियस ते शब्द न् शब्द फोडून शिकवू लागला. समासात टिपांची दाटी झाली. ते शिक्षण पोर्तुगालच्या कोइम्ब्रा विद्यापीठातही रुजलं. त्याच परंपरेतली १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७०मध्ये गोव्यात लागू झाली. राज्याने २०१६मध्ये वारसाहक्काचा स्वतःचा कायदा लागू केला, तोही मुलांचा निम्मा हिस्सा कायम ठेवूनच.