फार्मसीच्या विद्यार्थ्यांनो, परिषदेला जा. पण नुसते प्रेक्षक म्हणून नको!

जानेवारी २०२३ मध्ये नागपुरात इंडियन फार्मास्युटिकल काँग्रेसचे ७२ वे अधिवेशन भरले होते. प्राध्यापक, कारखानदार, औषध प्रशासनातील अधिकारी, रुग्णालयातील फार्मासिस्ट आणि विद्यार्थी अशा सर्वांना एका मांडवाखाली आणणारा हा देशपातळीवरील मेळावा. याच धर्तीवर राज्य व विभागीय पातळीवरही लहानमोठ्या परिषदा होत असतात. आपल्या वस्त्यांतून, खेड्यापाड्यांतून आलेली अनेक मुले-मुली आज डी. फार्म. आणि बी. फार्म. शिकत आहेत. त्यांच्यापैकी किती जण या परिषदांना जातात? आणि जातात ते तिथे नेमके काय करतात? हा प्रश्न समाजाने स्वतःला विचारण्याची वेळ आली आहे.

आम्ही वकिली करतो. शिष्यवृत्तीच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या मुलांशी बोलताना परिषदेचा विषय निघाला की एकच उत्तर मिळते, "सर, ते आपल्याला परवडत नाही." नोंदणी शुल्क, रेल्वेचे भाडे, दोन रात्रींचा मुक्काम आणि पोस्टर छापण्याचा खर्च मिळून जी रक्कम होते, त्यात मजुरी करणाऱ्या बापाच्या घराचा महिन्याचा किराणा येतो. मुलीच्या बाबतीत तर "राहणार कुठे, सोबत कोण?" हा प्रश्न पैशाच्याही आधी उभा राहतो.

मग कायदा काय म्हणतो? अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे. बाबासाहेब तेव्हा व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. या योजनेच्या २०१० च्या नियमांत व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी अभ्यास दौऱ्याचा खर्च वर्षाला १,६०० रुपयांपर्यंत मिळण्याची सोय होती. अट अशी की, दौरा अभ्यासक्रमासाठी आवश्यक आहे असा दाखला संस्थाप्रमुखाने द्यायचा. म्हणजे दोरी पुन्हा प्राचार्यांच्याच हाती! २०२१ च्या सुधारित योजनेत असे सुटे भत्ते जाऊन एकच शैक्षणिक भत्ता आला. वसतिगृहात राहणाऱ्याला अभ्यासक्रमाच्या गटानुसार वर्षाला ४,००० ते १३,५०० रुपये. यात खानावळ भागवायची, पुस्तके घ्यायची की परिषदेला जायचे? आणि हा पैसा वर्ष संपल्यावर खात्यात पडला, तर फेब्रुवारीतल्या परिषदेला त्याचा उपयोग काय?

काही जण म्हणतील, परिषद म्हणजे सहल; पिशवी, जेवण आणि प्रमाणपत्र मिळाले की झाले. तसे करणारे आहेतच. पण ज्याच्या घरात फार्मासिस्ट काका किंवा औषधाच्या दुकानाचा मालक मामा आहे, त्याला परिषदेत नवे काही मिळाले नाही तरी चालते. त्याची ओळख घरातूनच झालेली असते. ज्याच्या घरात बारावीच्या पुढे कोणी गेलेले नाही, त्याला कंपनीचा अधिकारी, परीक्षक, एम. फार्म.चा मार्गदर्शक समोरासमोर भेटण्याची जागा हीच. नोकरीची जाहिरात वर्तमानपत्रात येण्याआधी तिची चर्चा अशाच ठिकाणी होते.

म्हणून जाताना तयारीने जा. आधी शोधनिबंधाचा सारांश पाठवा, पोस्टर लावा. पोस्टरसमोर उभे राहिल्यावर परीक्षक विचारतात ते साधेच असते : हा प्रयोग का केला, नमुने किती घेतले, निष्कर्ष कशावरून काढला? ही उत्तरे आधी मराठीत पक्की करा, मग इंग्रजीत दहा वेळा बोलून पाहा. अडखळणारी इंग्रजी परीक्षकाला चालते, प्रयोग न समजलेला माणूस चालत नाही. आणखी एक. प्रयोगशाळेत रात्री जागून काम तुम्ही केले असेल, तर सारांश पाठवण्यापूर्वी नावांचा क्रम पाहा. पहिले नाव मुख्य काम करणाऱ्याचे, असा संकेत आहे. आपले नाव तिसरे-चौथे का, हे नम्रपणे पण लेखी विचारा. तोंडी तक्रारीची नोंद कुठेही राहत नाही.

पण खरा धोका पुढेच आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या कलम ४२ नुसार डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते, अन्यथा शिक्षा आहे. या कायद्याने तुमच्या नोंदणीला किंमत दिली. आणि बाजाराने काय केले? ती नोंदणी भाड्याने घेतली! भिंतीवर प्रमाणपत्र तुमचे, गल्ल्यावर दुसराच, चुकीचे औषध गेले तर जबाबदारी मात्र तुमच्या नावावर. महिन्याच्या चार पैशांसाठी आपली पोरे या सापळ्यात अडकतात, कारण आपली पदवी किती मोलाची आहे हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. दवाखान्यात रुग्णाला औषधाची मात्रा समजावणारा, कारखान्यात दर्जा तपासणारा, औषध निरीक्षक म्हणून दुकाने तपासणारा फार्मासिस्ट ज्याने परिषदेत पाहिला, बोलून अनुभवला, तो आपले प्रमाणपत्र सहजासहजी भाड्याने देणार नाही.

नोकरदार बांधवांनो, जयंतीच्या वर्गणीतला काही भाग यासाठी बाजूला काढा. प्रत्येक शहर शाखेने वर्षाला दोन विद्यार्थ्यांचे नोंदणी शुल्क आणि भाडे भरले, त्यात एक मुलगी असेल हे पाहिले आणि परिषदेच्या गावी एका कुटुंबाने तिला दोन रात्री घरी ठेवून घेतले, तरी पुरे. अट एकच घाला : परत आल्यावर त्यांनी विहारात बसून दहा धाकट्या मुलांना सांगायचे, काय पाहिले, कोणाला भेटलो, अर्ज कुठे करायचा. मंडपाला पैसे कमी पडले तर एक कमान कमी उभारू. पण पैशावाचून आपला एकही विद्यार्थी परिषदेच्या दाराबाहेर राहता कामा नये.