किल्ला किती मोठा करायचा? स्केल, मॉडेल आणि तुमचा सिनॉप्सिस

"पेट निघाली, आता सिनॉप्सिस लिहायचाय, पण गाईड म्हणतात विषय फार मोठा आहे. लहान कसा करू?" या अर्थाचे मेसेज मला दर महिन्याला येतात. त्याचं उत्तर द्यायला यावेळी एक किल्ला घेते. पुस्तकातला नाही, दिवाळीत करतात तो मातीचा.

आमचं गाव जांब समर्थ, तालुका घनसावंगी, जिल्हा जालना. समर्थ रामदासांचं जन्मगाव म्हणून तुम्ही नाव ऐकलं असेल. पुण्या-साताऱ्याकडे घरोघरी अंगणात किल्ला होतो, तेवढी ही रीत आमच्याकडे नाही. पण यंदा गावातल्या पोरांनी ठरवलंय की सगळ्यांना बघता येईल असा एक मोठा किल्ला करायचा, आणि तोही आपल्या मराठवाड्यातला, देवगिरी. चुलतभावाने फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, किती मोठा करायचा?"

हा प्रश्न तुमच्या प्रश्नाचाच भाऊ आहे. म्हणून नीट बघू.

देवगिरीचा डोंगर पायथ्यापासून साधारण २०० मीटर उंच. पोरांकडे बाजारातले मातीचे मावळे आहेत, साडेसात सेंटिमीटरचे. खरा माणूस १६५ सेंटिमीटर धरला तर मावळ्याचं स्केल झालं १:२२. याच स्केलने डोंगर केला तर तो नऊ मीटर उंच होईल, म्हणजे तीन मजली घराएवढा. लेगोचा माणूस घ्या, तो चार सेंटिमीटरचा, म्हणजे स्केल सुमारे १:४१. तरीही डोंगर जवळजवळ पाच मीटर. आता उलटं करा. डोंगर एक मीटरचा ठेवला तर स्केल १:२०० आणि माणूस हरभऱ्याच्या दाण्याएवढा. माणूस दिसावा तर डोंगर मावत नाही, डोंगर मावावा तर माणूस दिसत नाही.

अंगणातल्या किल्ल्यात आपण हे कधी मोजत नाही आणि मोजूही नये. तिथे महाराज सिंहासनावर बसणारच आणि बुरुजापेक्षा मोठे दिसणारच. तो भक्तीचा आणि आनंदाचा किल्ला आहे, त्याला मोजपट्टी लावणारा माणूस मला आवडणार नाही. पण "हे देवगिरीचं मॉडेल आहे" अशी पाटी लावून लोकांना बोलावलं, की नियम बदलतात. मॉडेल म्हणजे दावा. आणि दावा केला की कोणीतरी विचारणार, कशाच्या बाबतीत खरं?

मातीचा हिशोब करून बघा, मजा येते. हिशोबापुरता डोंगर शंकूसारखा धरा. उंची दोन मीटर, तळाचा व्यास तीन मीटर. घनफळ आलं सुमारे ४.७ घनमीटर. आपल्याकडे माती-मुरूम ब्रासमध्ये मोजतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. तर ही झाली दीड ब्रासहून थोडी जास्त माती. आता कोणी उत्साही म्हणाला, "दुप्पट करू, चार मीटर!" तर माती दुप्पट लागत नाही, आठपट लागते. तेरा ब्रास. आणि उंची निम्मी, एक मीटर केली तर आठवा हिस्सा, म्हणजे फक्त ०.२ ब्रास.

लेगोवाल्यांना हेच दुखणं आहे. लेगोने किल्ल्याचा पहिला संच, तो प्रसिद्ध पिवळा किल्ला, १९७८ साली काढला. आज युरोप-अमेरिकेत हौशी लोक प्रदर्शनासाठी मध्ययुगीन किल्ले, त्यांच्या भोवतीची गावं, डोंगरसुद्धा विटांनी उभे करतात. त्यातली नेहमीची वीट म्हणजे आठ गोंडे असलेली, ३२ बाय १६ मिलिमीटर आणि ९.६ मिलिमीटर उंच. एक घनमीटर भरीव रचायला अशा सुमारे दोन लाख विटा लागतात. म्हणून त्यांचे डोंगर आतून पोकळ असतात, बाहेर फक्त साल. आपली पोरं न शिकता तेच करतात. आत दगड, विटा, जुने डबे, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट, आणि वरून मातीचा थर. वरचा थर पाच सेंटिमीटरचा धरला तर दोन मीटरच्या डोंगराला ०.६ घनमीटर माती पुरते. उंची दुप्पट केली तर तेवढ्याच जाडीच्या थराला चौपट माती, आठपट नाही.

सिनॉप्सिसमध्ये "मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांचा अभ्यास" असं लिहिताना हा घन-वर्गाचा हिशोब आठवा. जिल्हे दोनाचे चार केले की काम दुप्पट होतं असं वाटतं. पण प्रत्येक जिल्ह्यात जास्त गावं, प्रत्येक गावात जास्त नमुने, प्रत्येक नमुन्याच्या जास्त चाचण्या, असं तिन्ही बाजूंनी वाढवलं की आठपट होतं. फेलोशिपची वर्षं मात्र तेवढीच राहतात.

पण विषय नुसता लहान करून भागत नाही. माझं पीएचडीचं काम कणांच्या पदार्थांवर आहे, म्हणजे वाळू, माती, धान्याच्या राशी. त्यामुळे इथे जरा थांबते.

कोरड्या वाळूचा ढीग केला तर त्याचा उतार साधारण ३४ अंशांवर थांबतो. त्यापेक्षा उभा केला की वाळू घसरते. आपला शंकू ५३ अंशांचा आहे, म्हणजे कोरड्या सुट्या मातीत तो उभाच राहणार नाही. थोडं पाणी घातलं की राहतो, कारण कणांच्या मधल्या पाण्याचे बारीक पूल कणांना एकमेकांकडे ओढून धरतात. पाणी फार झालं की पूल मिटतात आणि चिखल वाहतो. देवगिरीची खरी गंमत तर त्याच्या कड्यात आहे. यादवांनी डोंगराचा खालचा उतार तासून चहूबाजूंनी सुमारे ५० मीटरचा उभा कडा केला. १:१०० च्या मॉडेलमध्ये हा कडा अर्ध्या मीटरचा. ओल्या मातीत अर्धा मीटर उभा कडा आरामात टिकतो.

मग त्याच मातीचा ५० मीटरचा कडा टिकेल का? नाही. उंची शंभरपट झाली की तळाच्या मातीवरचा दाब शंभरपट होतो, पण मातीची पकड तेवढीच राहते. खरा कडा टिकलाय तो बेसॉल्टमुळे. तुमचं मॉडेल उभं राहिलं म्हणजे मूळ वस्तू का उभी आहे हे कळलं, असं होत नाही. ते उभं आहे कारण ते लहान आहे. गॅलिलिओने १६३८ च्या पुस्तकात हाडांचं उदाहरण देऊन हेच सांगितलं होतं. मोठ्या प्राण्याचं हाड लहान प्राण्याच्या हाडाची नुसती वाढवलेली नक्कल असून चालत नाही.

इंजिनिअर लोक यावर काय करतात? पवईच्या आयआयटीत मातीच्या मॉडेलसाठी मोठा सेंट्रीफ्यूज आहे. १:१०० चं मॉडेल त्यात घालून इतक्या वेगाने फिरवायचं की त्याच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या शंभरपट जोर यावा. मग लहान मॉडेलच्या तळाशी मोठ्या बांधाइतकाच दाब तयार होतो. पुण्याजवळ खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था, १९१६ पासूनची, तिथे धरणांची, बंदरांची, नद्यांची मॉडेल करून त्यात खरं पाणी सोडतात. तिथे आणखी एक भानगड असते. पाण्याच्या अशा मॉडेलमध्ये लांबी १:१०० केली तर वेळ १:१० होतो, म्हणजे खऱ्या नदीतले दहा तास मॉडेलमध्ये एका तासात उरकतात. शिवाय लांबच लांब नदी सगळीकडून सारखीच लहान केली तर पाण्याचा थर इतका पातळ होतो की पृष्ठताणच गोंधळ घालतो. म्हणून अशा मॉडेलमध्ये उभं स्केल आणि आडवं स्केल मुद्दाम वेगळं ठेवतात. म्हणजे जाणूनबुजून आकार बिघडवतात. पण किती बिघडवला ते लिहून ठेवतात, आणि निष्कर्ष काढताना तो आकडा हिशोबात घेतात.

मला वाटतं रिसर्चला नवीन असणाऱ्यांची सगळ्यात मोठी अडचण इथेच असते. त्यांना सगळंच बरोबर हवं असतं. सगळं बरोबर फक्त खऱ्या देवगिरीत आहे, आणि तो जांब समर्थच्या चौकात मावत नाही.

मग काय बरोबर ठेवायचं, काय बिघडवायचं हे कसं ठरवायचं? प्रश्नावरून. म्हणून मी चुलतभावाला उलट विचारलं, "बघणाऱ्याला काय कळायला हवं?" बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "की वर चढणं किती अवघड होतं ते." हा खरा प्रश्न. "देवगिरी किल्ल्याचा अभ्यास" हा प्रश्न नाही, ते फक्त नाव झालं.

आता प्रश्न हातात आला की निर्णय आपोआप सुटायला लागतात. वर जायची वाट कशी आहे? तटांच्या रांगा, दरवाजे, मग खडकात खोदलेला खंदक, त्यावर अरुंद पूल, मग कड्याच्या पोटातून जाणारी अंधेरी. अंधेरी डोंगराच्या आत आहे! बाहेरून कितीही सुबक डोंगर केला तरी मुख्य गोष्ट दिसणारच नाही. म्हणून डोंगर अर्धा कापलेला दाखवायचा. आख्खा डोंगर १:२०० ने, एक मीटर उंच, त्यात माणसं नाहीत. शेजारी फक्त खंदक, पूल आणि अंधेरीचा तुकडा १:५० ने. यात कडा एक मीटरचा येतो आणि माणूस साधारण सव्वातीन सेंटिमीटरचा, हाताने करता येईल इतका. दोन स्केल, दोन पाट्या. बाजारातले मावळे यात बसत नाहीत, ते घरच्या किल्ल्यावर जातील.

दुसरा प्रश्न काळाचा. कोणत्या सालचा देवगिरी? पोरांच्या चित्रात चांदमिनार होता आणि मेंढा तोफही. चांदमिनार बहामनी काळातला, पंधराव्या शतकातला. मेंढा तोफ मुघलांची. रामदेवराय यादवाचा, म्हणजे १२९६ चा किल्ला दाखवायचा असेल तर हे दोन्ही काढावे लागतील, आणि चांदमिनार काढायला कोणाचंच मन होत नव्हतं. शेवटी "आज दिसतो तसा देवगिरी" असं ठरलं. चांगला निर्णय आहे. फक्त मग शेजारी अल्लाउद्दीन खिलजीच्या स्वारीचा देखावा मांडता येणार नाही. तुमच्या डेटाचंही असंच असतं. २०११ ची जनगणना आणि यंदाचा पाऊस एकाच तक्त्यात घालून कारण-परिणाम सांगता येत नाही.

आणि १२९६ वरून आठवलं. त्या वेढ्यात किल्ल्यावर घाईने चढवलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघालं, असं सांगितलं जातं. ती कथा तंतोतंत खरी धरा किंवा नका धरू, रामदेवरायाला तह करावा लागला हे मात्र खरं. आपल्या मॉडेलमध्ये तट आहेत, खंदक आहे, अंधेरी आहे, आणि कोठार नाही. म्हणजे "चढणं किती अवघड" याचं उत्तर हे मॉडेल देईल, "किल्ला पडला का" याचं देणार नाही. सिनॉप्सिसमध्ये मर्यादा नावाचं एक प्रकरण असतं, तिथे बहुतेक जण "वेळेअभावी" एवढंच लिहितात. तिथे खरं म्हणजे कोठाराबद्दल लिहायचं असतं. माझ्या मॉडेलमध्ये अमुक गोष्ट नाही, त्यामुळे तमुक प्रश्नाला ते उत्तर देत नाही.

एक छोटी गोष्ट लेगोवरून. त्याचे गोंडे आठ मिलिमीटरवर असतात. १:१०० च्या किल्ल्यात आठ मिलिमीटर म्हणजे खरे ८० सेंटिमीटर. तटातली जंगी त्याहून अरुंद, म्हणजे साध्या विटांत ती येणारच नाही. जे तुमच्या जाळीतून गळतं त्याबद्दल दावा करू नका. मोजपट्टी मिलिमीटरची आणि उत्तर तीन दशांश स्थळांपर्यंत, असे तक्ते मी बरेच पाहिलेत.

राहता राहिली माती. आमच्याकडची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसून तडकते, उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या भेगा तुम्ही पाहिल्याच असतील. निव्वळ काळ्या मातीचा किल्ला दोन दिवसांत भेगाळेल. गावातली जुनी माळवदाची घरं ज्या पांढऱ्या मातीची आहेत ती बरी, किंवा काळीत मुरूम, भुसा आणि थोडं शेण. प्रमाण किती? इथे माझं ऐकू नका, वड्या करा. एकाच मापाच्या चार वड्या, प्रत्येकीत मुरमाचं प्रमाण वेगळं, एक निव्वळ काळ्या मातीची. चारही एकाच उन्हात दोन दिवस. मग भेगा मोजायच्या. पोरांनी हे काल सुरू केलंय आणि वहीत लिहून ठेवताहेत, त्यात मला सगळ्यात जास्त आनंद आहे.

मोहरी मात्र प्रदर्शनाच्या पाच-सहा दिवस आधी पेरायची, आणि फक्त १:५० च्या तुकड्यावर. तिथे तीन सेंटिमीटरचा कोंब म्हणजे दीड मीटरचं झुडूप, ते शोभतं. १:२०० च्या डोंगरावर तोच कोंब सहा मीटरचं झाड होतो, आणि अख्खा देवगिरी जंगलात जातो.