भंगारातला बैल

पाब्लो पिकासोने 1942 मध्ये सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं. सीट झाली तोंड, हँडल झालं शिंगं. बेंदराच्या सणाला बैलांची शिंगं रंगवणाऱ्या कागलकरांना हा बैल कुणी समजावून सांगायला नको. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या सुदर्शन शेट्टींनी तर दुमजली बसला पोलादी पंख लावले. अशा कामाला जुळणी-शिल्प म्हणतात. यात कोरायचं नसतं, ओतायचंही नसतं; हाताशी असलेल्या वस्तू जोडायच्या असतात. असा बैल आपण कसा घडवाल, ते क्रमाने पाहू.

आधी निवड. भंगाराच्या दुकानात आकृती पक्की ठरवून जाऊ नये. प्रत्येक वस्तू उलटी, आडवी, उभी धरून पाहावी. शिंगं अशीच सापडतात.

मग धातूची पारख. चुंबक लोखंडालाही चिकटतो आणि बिडालाही. बीड म्हणजे फौंड्रीत ओतलेलं, जास्त कार्बनचं लोखंड; विहिरीवरच्या जुन्या इंजिनाचं चाक बहुधा याचंच. ग्राइंडर लावल्यावर साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, उजळ उडतात. बिडाच्या आखूड आणि लालसर. इथेच बहुतेकांची फसगत होते. बिडाला साधं वेल्डिंग केलं, की थंड होताना ते तडकतं. नवख्याने तिथे नट-बोल्टच वापरावेत.

आता मांडणी. तुकडे वाळूत रोवून रचावेत, चारही बाजूंनी फोटो काढावेत. हँडल फार पुढे आलं, तर बैल तोंडघशी पडतो. म्हणून वजन पायथ्याच्या आतच राहील असं पाहावं.

पुढे जोडणी. आधी टॅक मारावेत, म्हणजे ठिपक्याएवढे टाके. तोल पुन्हा तपासून मगच पक्कं वेल्डिंग करावं, तेही आळीपाळीने दोन्ही बाजूंना. एकाच बाजूला उष्णता बसली, की लोखंड ओढलं जाऊन वाकतं. जस्ताचा किंवा क्रोमचा मुलामा तापला, की घातक धूर निघतो. त्या भागाला वेल्डिंग न करता बोल्ट लावणं बरं. बंद टाकी किंवा तेलाचा डबा कधीच तापवू नये. स्फोट होऊ शकतो.

शेवटी पावसाळ्याची तजवीज. सुटा गंज तारेच्या ब्रशने काढून पारदर्शक लॅकर मारावं. सांधे पुट्टीने बुजवून सगळं सोनेरी रंगवण्याचा मोह होतो, पण मग सायकल नाहीशी होते आणि उरतो बाजारातला शोभेचा बैल. हँडल हँडलच दिसू द्यावं. त्यावर घंटी असेल तर तीही राहू द्यावी. बैलाला ती शोभतेच.