वठारातला गणेश : एका प्रहसनमालिकेचे स्मरणरंजन

विनोदी कृतींना दीर्घायुष्य नसते, अशी एक समजूत मराठी समीक्षेत बराच काळ रूढ आहे. शोकांतिका काळाला पुरून उरते. प्रहसन मात्र ज्या दिवाणखान्यात जन्मले त्याच्या भिंतींबरोबरच कोसळते, असे मानले जाते. या समजुतीला छेद देणारे एक उदाहरण कन्नड चित्रपटसृष्टीत पाहावयास मिळते. ‘गणेशन मदुवे’ (१९९०), ‘गौरी गणेश’ (१९९१) आणि ‘गणेश सुब्रमण्य’ (१९९२) हे फणी रामचंद्र यांनी दिग्दर्शित केलेले तीन चित्रपट, आणि त्यांच्या मागोमाग गणेशाचे नाव धारण करून आलेली त्यांची धाकटी भावंडे, चिरंतनतेचा कोणताही दावा करीत नव्हती. थोड्या पैशांत, मोजक्या जागांत आणि बव्हंशी त्याच त्या नटसंचाच्या बळावर उभी राहिलेली, सर्व कुटुंबाने एकत्र बसून पाहावी आणि हसून विसरून जावी, अशी ती करमणूक होती. परंतु बंगळुरूच्या मध्यमवर्गाने ती विसरली नाही. तीन दशकांनंतर तिचा उल्लेख निघाला की प्रथम हसू येते आणि त्यापाठोपाठ एक हुरहूर उमटते. ही हुरहूर नेमकी कशाची, आणि त्या कृतींच्या गुणवत्तेशी तिचा संबंध कितपत, हा प्रश्न केवळ चित्रपटाचा नाही. तो वाङ्मयसमीक्षेचाही आहे.

या भावनेला मराठीत दोन शब्द आहेत आणि दोन्ही अपुरे आहेत. ‘स्मरणरंजन’ म्हटले की आठवणीतील सुख पुढे येते. ‘गतकातरता’ म्हटले की तिच्यातील वेदना. युरोपीय भाषांत ‘नॉस्टाल्जिया’ हा शब्द १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझेल येथील आपल्या प्रबंधात घडविला, तो घरापासून दूर असणाऱ्या माणसांच्या एका व्याधीचे नाव म्हणून. परतणे आणि दुःख या अर्थांचे दोन ग्रीक शब्द त्याने जोडले. म्हणजे मुळात ही ओढ स्थळाची होती. काळाची ओढ हा तिचा पुढचा अर्थविस्तार होय. गणेशमालिकेच्या बाबतीत हा मूळ अर्थच अधिक उपयोगी पडतो. कारण तिच्या चाहत्यांना केवळ आपले बालपण आठवत नाही. त्यांना एक विशिष्ट प्रकारचे घर आठवते.

त्या घराचे कन्नड नाव ‘वठार’. मध्ये सामाईक अंगण किंवा बोळ, दोन्ही बाजूंना लहान लहान बिऱ्हाडे, आणि दर्शनी भागात बहुधा स्वतः घरमालकाचे वास्तव्य, अशी ही रचना. पुण्याचा वाडा आणि मुंबईची चाळ यांच्या मधली तिची जागा आहे. चाळीत मालक दूर असतो आणि भाडेकरूंची संख्या मोठी असते. वठारात मालक समोरच असतो आणि कोणाकडे कोण आले, हे त्याला ओसरीवरून दिसते. हा शब्द मराठी कानालाही परका नाही; कोकणीत ‘वाठार’ म्हणजे भाग, परिसर, असा अर्थ आजही प्रचारात आहे. प्लेगच्या साथीनंतर आखल्या गेलेल्या मल्लेश्वरम् आणि बसवनगुडी यांसारख्या जुन्या वस्त्यांत नोकरदार कुटुंबांच्या कित्येक पिढ्या अशा वठारांत वाढल्या.

‘गणेशन मदुवे’ या पहिल्या चित्रपटाचे कथानक अशाच वठारात घडते. अनंत नाग यांनी रंगविलेला गणेश हा भाडेकरू. मुख्यमंत्री चंद्रू यांचा रमणमूर्ती हा घरमालक. आणि विनया प्रसाद यांची आदिलक्ष्मी ही त्याची मुलगी. गणेश आणि आदिलक्ष्मी यांचे हाडवैर. पण ती आकाशवाणीवर ‘श्रुती’ या नावाने गाते, आणि त्या आवाजावर लुब्ध झालेला गणेश ‘वाय. जी. राव’ या नावाने तिला पत्रे लिहितो. पत्रांतून प्रेम वाढत असता अंगणात भांडण वाढत जाते. ज्याच्याशी भांडावयाचे तोच आपला प्रियकर आहे, हे दोघांसही ठाऊक नाही. प्रेक्षकाला मात्र ठाऊक आहे. नाट्यशास्त्राच्या दृष्टीने ही युक्ती फार जुनी आहे. परंतु तिला येथे जो ताजेपणा लाभला, त्याचे श्रेय वठाराला द्यावे लागते. दोन माणसे एकमेकांना इतकी रोज भेटतात की त्यांची खरी भेट होतच नाही, ही गोष्ट केवळ अशाच घरात संभवते.

शीर्षकातही लोकव्यवहारातला विनोद आहे. गणेशाच्या लग्नाला एकशे आठ विघ्ने, अशी कन्नड म्हण आहे. मराठीत ही सतराशे विघ्ने बिचाऱ्या नकटीच्या लग्नाला येतात. कन्नड म्हण ती प्रत्यक्ष विघ्नहर्त्याच्याच मांडवात आणून सोडते. ‘गौरी गणेश’ हे दुसऱ्या चित्रपटाचे नाव म्हणजे कर्नाटकातील सणाचे नाव. महाराष्ट्रात गौरी गणपतीनंतर काही दिवसांनी येतात. कर्नाटकात गौरी आदल्या दिवशी येते आणि पुत्र तिच्या मागून. चित्रपटात मात्र या मंगल नावाखाली लंबोदर नावाचा एक भामटा वावरतो. एका मृत स्त्रीची दैनंदिनी त्याच्या हाती लागते आणि एका मुलाला पुढे करून तो तीन प्रतिष्ठित गृहस्थांकडून पैसे उकळू लागतो. तिसऱ्या नावात गणेशाचा भाऊ सुब्रमण्य येतो. कथानकांचा एकमेकांशी संबंध नाही. नावांचा गोतावळा तेवढा एक. प्रेक्षकाला नवे कथानक हवे होते, पण परिचित माणसांकडून. आणि ही सोय या मालिकेने अचूक ओळखली.

ती माणसे कोठून आली, हे पाहणे उद्बोधक आहे. अनंत नाग यांचा पाया रंगभूमीवर घडला. मुंबईच्या वास्तव्यात कन्नड आणि कोकणी नाटकांबरोबर मराठी नाटकांतही त्यांनी कामे केली, आणि ‘अंकुर’ (१९७४) सारख्या चित्रपटांतून गंभीर अभिनेता म्हणून त्यांचे नाव झाले. २०२५ साली त्यांना पद्मभूषण जाहीर झाले. ‘मुख्यमंत्री’ हे चंद्रू यांचे पद नव्हे. त्या नावाच्या गाजलेल्या नाटकातील भूमिकेने त्यांना चिकटलेले ते उपपद होय. सिहि कहि चंद्रू यांचे ‘गोड-कडू’ या अर्थाचे उपपद दूरदर्शनच्या एका मालिकेतून आले. याच नगराच्या रंगभूमीवर टी. पी. कैलासम् (१८८४–१९४६) यांनी सुशिक्षित घरांतील कन्नड-इंग्रजी मिश्र बोली जशीच्या तशी आणून प्रहसनाला प्रतिष्ठा दिली होती. १९४२ साली सुरू झालेल्या ‘कोरवंजी’ या विनोदी मासिकाने ती परंपरा पुढे नेली. तेव्हा ज्यांना सवंग म्हणून बाजूला सारले जाते, त्या चित्रपटांच्या मागे बोलीभाषेच्या विनोदाचा निदान पाऊण शतकाचा अभ्यास उभा आहे.

अल्पखर्चाच्या विनोदी मालिका जगात अन्यत्रही झाल्या. ब्रिटनमध्ये पीटर रॉजर्स आणि जेराल्ड टॉमस यांनी १९५८ ते १९७८ या काळात ‘कॅरी ऑन’ या नावाचे सुमारे तीस चित्रपट काढले. तेथेही नटसंच ठरलेला, विनोद बाळबोध, आणि खर्चावर कडक नजर. परीक्षकांनी नाके मुरडली. पुढच्या पिढ्यांनी मात्र त्यांना जवळ केले. या साम्यातून एक कारण हाती लागते. पैसा असलेला चित्रपट स्वप्ननगरी उभारतो आणि स्वप्ने लवकर जुनी होतात. पैसा नसलेल्या चित्रपटाला जवळ जे असेल तेच वापरावे लागते: रोजचे कपडे, रोजची भांडी, रोजची बोली. त्या वेळी जो दारिद्र्याचा दोष वाटतो, तोच कालांतराने दस्तऐवजाचा गुण ठरतो.

परंतु दस्तऐवज म्हणजे कलाकृती नव्हे, आणि येथेच समीक्षकाला सावध राहावे लागते. तुलनेसाठी पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) घ्यावी. त्या पुस्तकात चाळीची यथेच्छ थट्टा आहे. पण शेवटच्या चिंतनात लेखक स्वतःच थट्टेचा सूर बदलतो आणि नाहीशा होणाऱ्या जीवनपद्धतीकडे ओलसर नजरेने पाहतो. तेथे हुरहूर ही रचनेचा भाग आहे. लेखकाने ती योजिलेली आहे. ‘गणेशन मदुवे’त असे काही नाही. अंगणावर कॅमेरा रेंगाळत नाही, कोणी निरोप घेत नाही. त्या चित्रपटाला वठार ही तक्रार करण्याची जागा वाटते, आठवण काढण्याची नव्हे. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) या सचिन यांच्या मराठी चित्रपटाचेही असेच. विवाहितांनाच जागा देणाऱ्या पुण्यातील घरमालकिणीपुढे दोन तरुणांना बायकांची सोंगे घ्यावी लागतात; त्यातला विनोद घर न मिळण्याच्या लाचारीवर पोसलेला आहे. म्हणजे या चित्रपटांतील हुरहूर कृतीत नाही. ती प्रेक्षकाने बाहेरून आणून तिच्यावर घातलेली आहे. ज्या कोंडीतून सुटण्यासाठी त्या पिढीने आयुष्यभर धडपड केली, त्याच कोंडीसाठी ती पिढी आज व्याकुळ होते.

यातील विरोधाचे कारण शहराच्या इतिहासात आहे. बंगळुरूच्या नागरी समूहाची लोकसंख्या १९९१ साली सुमारे ४१ लाख होती. २०११ साली ती सुमारे ८५ लाख झाली. जमिनीचे मोल वाढले, वारसांत वाटण्या झाल्या आणि एकामागून एक वठारे पडून त्यांच्या जागी मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. १९९४ साली सुरू झालेल्या ‘उदय’सारख्या खासगी वाहिनीमुळे जुने कन्नड चित्रपट घरोघर पुन्हा दिसू लागले. यामुळे एक चमत्कारिक गोष्ट घडली. वठारात कधीही न राहिलेल्या मुलांनाही वठार आठवू लागले. त्यांची ओढ ही उसनी ओढ आहे. ती अनुभवाची नसून चित्रपटाने दिलेल्या अनुभवाची आहे. तिला खोटी म्हणता येणार नाही, कारण साहित्याचे निम्मे कार्य हेच असते. पण तिची तपासणी व्हावयास हवी.

तपासणीस लागताच चित्रपटाने काय गाळले ते दिसू लागते. बंगळुरू हे एका भाषेचे नगर कधीच नव्हते. कन्नडबरोबर तमिळ, तेलुगू आणि उर्दू येथे पिढ्यान् पिढ्या बोलल्या जातात. सतराव्या शतकात शहाजीराजांच्या जहागिरीत आलेल्या या गावाला मराठीही नवी नाही. २०११ च्या जनगणनेत बंगळुरू नगर जिल्ह्यात कन्नड मातृभाषा सांगणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याहून कमी भरले. पडद्यावरच्या वठारात मात्र सर्वांची बोली जवळजवळ एक आहे. जुन्या वस्त्यांत जागा भाड्याने देताना जात विचारली जाई, आणि ‘शाकाहारी कुटुंबासच’ ही पाटी ते विचारणे अधिक सभ्य करून मांडी. पुण्याचे वाडे किंवा मुंबईच्या चाळी याला अपवाद होत्या असे नाही. वठारातील आपुलकी खरी होती. पण ती दाराच्या आतल्यांपुरती होती. दाराबाहेर परत पाठविलेल्या माणसाचे स्मरणरंजन कोणत्याही प्रहसनात आलेले नाही.

तथापि एवढ्यावरून ही ओढ प्रतिगामी म्हणून निकालात काढणे उतावीळपणाचे होईल. तिच्यात एक न्याय्य मागणी दडलेली आहे. वठारात भांडण टाळता येत नसे आणि म्हणूनच ते मिटवावे लागे. ज्याच्याशी सकाळी तंटा झाला त्याच्याच दारावरून संध्याकाळी जावयाचे असे. गणेश आणि आदिलक्ष्मी एकमेकांपासून पळू शकत नाहीत, यातच त्या कथेचा सारा आधार आहे. ज्या शहरात शेजाऱ्याशी भांडण होण्याइतकीही ओळख उरत नाही, त्या शहरातील प्रेक्षक त्या भांडणाकडे हेव्याने पाहतो. त्याला गैरसोय परत नको आहे. त्या गैरसोयीने लादलेला सहवास हवा आहे.

या मालिकेचा उत्तरार्धही हेच सांगतो. ‘गणेशन गलाटे’ (१९९५) आणि पुढे ‘गणेश मत्ते बंद’ (२००८) हे चित्रपट त्याच नावाने आले. ‘मत्ते बंद’ म्हणजे ‘पुन्हा आला’. परंतु पहिल्या चित्रपटांनी जी जागा मिळविली ती यांना मिळाली नाही. नाव परत आणता येते. ज्या अंगणात ते नाव हाकेने घुमत होते, ते अंगण नावाबरोबर येत नाही.

म्हणून समीक्षकाचे येथील काम दुहेरी आहे. प्रेक्षकाच्या हुरहुरीला त्याने कृतीचा गुण समजू नये; आणि त्या हुरहुरीच्या धुक्यात कृतीचा खरा गुण हरवूही देऊ नये. ‘गणेशन मदुवे’ चांगले आहे ते जुने झाल्यामुळे नव्हे. आपल्या काळातील घरमालक, भाडेकरू, पत्रलेखक आणि गायिका यांच्याकडे त्याने कसलीही माया न लावता, खट्याळ आणि सावध डोळ्यांनी पाहिले, म्हणून ते चांगले आहे. त्या डोळ्यांना वठार आवडत नव्हते. म्हणूनच त्यांनी ते इतके नीट पाहिले. आजच्या प्रेक्षकाने त्या अंगणासाठी अवश्य हळहळावे. परंतु हसावयाचे त्या चित्रपटाबरोबर, आणि तो ज्याला हसत होता त्यालाच.