झिलई, मोटारगाडीच्या रंगलेपाची

मोटारगाडीच्या रंगलेपाचा पृष्ठभाग अपघर्षकाने, म्हणजे घासून झिजविणाऱ्या पदार्थाने, अतिसूक्ष्म प्रमाणात झिजवून सपाट व चकचकीत करण्याच्या क्रियेस झिलई करणे किंवा रूढ भाषेत पॉलिश करणे म्हणतात. झिलईने पृष्ठभागावर नवा थर चढत नाही. उलट असलेला थर काही अंशी कमी होतो. मेणाचे किंवा कृत्रिम बहुवारिकांचे संरक्षक लेप मात्र पृष्ठभागावर चढविले जातात, म्हणून त्यांचा झिलईत समावेश करीत नाहीत.

रंगलेपाची रचना : आधुनिक मोटारगाडीच्या पत्र्यावर प्रायमर, रंगीत लेप व सर्वांत वर पारदर्शक लेप असे थर असतात. त्यांची एकूण जाडी सामान्यतः १०० ते १५० मायक्रॉन (१ मायक्रॉन म्हणजे मिमी.चा हजारावा भाग) असते, त्यांपैकी पारदर्शक लेप ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे लेखनाच्या साध्या कागदाच्या सु. निम्म्या जाडीचा असतो. या लेपात सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण शोषणारी द्रव्ये असतात. लेप फार पातळ झाल्यास हे संरक्षण घटते, तो पांढरट पडून सुटू लागतो आणि पुन्हा रंग देण्याखेरीज उपाय उरत नाही.

१९२० नंतरच्या दशकांत नायट्रोसेल्युलोजयुक्त रंगलेप प्रचारात आले. त्यांपैकी ‘ड्यूको’ हे व्यापारी नाव भारतीय कारखान्यांत पुढे सामान्यनामासारखे रूढ झाले. अशा एकेरी रंगलेपावर झिलई करताना निघालेला रंग फडक्यास लागतो व झीज डोळ्यांना दिसते. पारदर्शक लेपाची झीज रंगहीन असल्याने ती लक्षात येत नाही. यामुळे आजच्या गाड्यांवर अतिरेक होण्याचा संभव अधिक असतो.

दोषांची कारणे : अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याचा बराच भाग पर्जन्यछायेत येतो. तेथील कोरड्या हवामानात वर्षाचे अनेक महिने गाड्यांवर धूळ बसते. ही धूळ मुख्यतः बेसाल्ट खडकाच्या झिजेतून आलेली असून तिच्यात फेल्स्पार व पायरोक्सीन या खनिजांचे कण असतात. मोस मापश्रेणीनुसार त्यांची कठिनता सु. ५ ते ६.५ असते व ते पारदर्शक लेपापेक्षा पुष्कळच कठीण असतात. गाडी कोरड्या फडक्याने पुसली की हे कण लेपावर बारीक ओरखडे काढतात. उन्हात ते कोळिष्टकासारखे दिसतात. विहिरीच्या जड पाण्याने धुतलेली गाडी उन्हात वाळल्यास कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या लवणांचे डाग राहतात. ओरखड्यांच्या कडांवरून प्रकाशाचे प्रकीर्णन होते, म्हणजे तो सर्व दिशांना विखुरतो व रंग निस्तेज भासतो. भोवतालचा पृष्ठभाग ओरखड्याच्या तळाच्या पातळीजवळ आणला की हा परिणाम नाहीसा होतो. तथापि नख अडकेल इतका खोल ओरखडा झिलईने पूर्णपणे काढण्याचा प्रयत्न करू नये.

अपघर्षके : झिलईच्या द्रव्यांचे ‘कंपाउंड’ व ‘पॉलिश’ असे दोन वर्ग रूढ आहेत. दोहोंत बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडाचे सूक्ष्म कण पाणी, तेल व इतर साहाय्यक द्रव्ये यांत मिसळलेले असतात. कंपाउंडाची कापण्याची शक्ती अधिक असते. ते खोल दोष काढते, परंतु मागे एक धूसर छटा ठेवू शकते. ती पॉलिशने काढतात. काही द्रव्यांतील कणसमूह घर्षणाने फुटून बारीक होत जातात, तर काहींतील कण शेवटपर्यंत जवळजवळ एकाच आकारमानाचे राहतात. पहिल्या प्रकारात द्रव्य पुरेसे घासले न गेल्यास अपेक्षित चकाकी येत नाही. परिणाम गादीवरही अवलंबून असतो. लोकर व सूक्ष्मतंतू यांच्या गाद्या जास्त कापतात; फेसरूप गाद्या कठीण ते मऊ अशा अनेक प्रकारच्या असतात.

द्विक्रिय यंत्र : साध्या फिरत्या यंत्रात गादी एकाच आसाभोवती फिरते. ते झपाट्याने कापते, परंतु एका जागी उष्णता साठते व वर्तुळाकार खुणा उमटू शकतात. द्विक्रिय यंत्रात गादीची बैठक मोटरीच्या आसापासून थोडी बाजूला सरकवून बेअरिंगवर मोकळी बसविलेली असते. त्यामुळे गादी एका लहान कक्षेत फिरते व त्याच वेळी स्वतःभोवतीही फिरते. कक्षेचा व्यास सामान्यतः ८ ते २१ मिमी. असतो. एकाच कणाचा मार्ग पुन्हा पुन्हा त्याच रेषेवर येत नसल्याने खुणा कमी उमटतात. फार दाब दिल्यास किंवा गादी वक्र भागावर तिरपी टेकल्यास तिचे स्वतःभोवतीचे फिरणे थांबते व कापण्याची शक्ती बरीच घटते. हे ओळखता यावे म्हणून बैठकीवर एक रेघ आखून ठेवतात. दंतचक्रांनी सक्तीने फिरविल्या जाणाऱ्या प्रकारात असे थांबणे होत नाही. तो अधिक जपून वापरावा लागतो.

पद्धती : प्रथम गाडी भरपूर पाण्याने धुऊन, चिकटलेले कण विशिष्ट मातीच्या गोळ्याने काढून ती कोरडी करतात. लोखंडी व ॲल्युमिनियमाच्या पत्र्यावरील लेपाची जाडी चुंबकीय वा आवर्त विद्युत् प्रवाहावर आधारलेल्या मापकाने मोजता येते. या मापकांना प्लॅस्टिकच्या बंपरवर वाचन मिळत नाही. कडांवर लेप पातळ असतो, म्हणून त्यांवर चिकटपट्टी लावतात. काम सावलीत व थंड पत्र्यावर करतात. सु. ५० सेंमी. लांबी-रुंदीच्या भागावर मऊ गादी व सौम्य पॉलिश यांची चाचणी आधी घेतात आणि ती अपुरी ठरली तरच अधिक तीव्र द्रव्याकडे वळतात. गादीवर द्रव्याचे तीन-चार थेंब घेऊन प्रथम मंद गतीने ते पसरवितात. नंतर गती वाढवून यंत्र सावकाश, प्रत्येक पट्टा मागील पट्ट्याचा निम्मा भाग झाकील असे, आडवे व उभे फिरवितात. गादी वारंवार स्वच्छ करणे आवश्यक असते, कारण तिच्यात साठलेला चुराही ओरखडे काढतो. द्रव्यातील तेले ओरखड्यांत भरून दोष तात्पुरते झाकतात. म्हणून विरल आयसोप्रोपिल अल्कोहॉलाने भाग पुसून खरा परिणाम पाहतात. शेवटी संरक्षक लेप देतात.

मर्यादा : बिनचकाकीच्या रंगलेपावर झिलई करू नये. त्याचा पृष्ठभाग मुद्दाम सूक्ष्म खडबडीत ठेवलेला असतो. घासल्याने तेथे चकचकीत डाग पडतात व ते काढता येत नाहीत. लष्करी वाहने दुरून चमकू नयेत म्हणून त्यांना सामान्यतः असाच रंग देतात. अहिल्यानगर येथे १९९४ मध्ये स्थापन झालेल्या रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉइस चिलखती मोटार व अनेक देशांचे रणगाडे आहेत. अशा ऐतिहासिक वाहनांच्या बाबतीत मूळ रंगाचा शिल्लक थर हाच एक पुरावा असतो. त्यामुळे तेथे चकाकीपेक्षा जतनाला महत्त्व येते. खाजगी गाडीच्या बाबतीतही हाच विचार लागू पडतो. तिच्या पारदर्शक लेपाला आयुष्यभरात मोजक्याच वेळा तीव्र झिलई सोसते. म्हणून सर्व ओरखडे घालविण्यापेक्षा सौम्य द्रव्याने होईल तेवढेच काम करून लेप राखणे, तसेच धूळ कोरडी न पुसता आधी पाण्याने काढणे हे अधिक श्रेयस्कर ठरते.